गाडी तापतेय, वहिनी आहेत का?

"वहिनी आहेत का?"

हे तीन शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरतं. मोटारसायकल दुरुस्तीचं हे गॅरेज माझं, दारावरचा बोर्ड मी स्वतः रंगवलेला, दारात मी उभा, हातात पाना, कोपरापर्यंत ग्रीस. आणि येणारा माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारतो, वहिनी आहेत का? मी काय इथं पाटीसारखा उभा आहे का, की बाण दाखवून सांगू, वहिनी आत आहेत, सरळ जा?

वहिनी म्हणजे माझी बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिला स्पार्क प्लग दाखवला तर ती म्हणाली होती, हा बल्ब फुटलाय का? तिला सगळं मी शिकवलं. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा इथपासून. आधी ती मला हत्यारं हातात द्यायची, मग ऑइल बदलायला लागली, मग हळूहळू तिनं एक काम असं काही उचललं की ते माझ्या हातातून कधी गेलं मला कळलंच नाही. ते काम म्हणजे तापणाऱ्या गाड्या.

तापणारी गाडी हे मोठं चिवट दुखणं असतं. गॅरेजमध्ये ती शहाण्या पोरासारखी गप्प उभी राहते आणि रस्त्यावर गेली की पुन्हा भडकते. तिच्यापाशी बसावं लागतं, पाइपांना हात लावून बघावं लागतं, थांबावं लागतं. थांबणं माझ्या रक्तात नाही. मी पाना उचलतो आणि उघडतो. ही आधी विचारते. कधी तापते, सिग्नलला का चढावर? पंख्याचा आवाज येतो का? कूलंटचं पाणी कमी होतं का? सकाळी थंड असताना झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ असतं का खाली गेलेलं असतं? गिऱ्हाइकाला हे फार आवडतं. घरी ज्याला कुणी विचारत नाही तो इथं येऊन पंधरा मिनिटं उत्तरं देतो आणि खूश होऊन जातो.

"डॉक्टर व्हायला हवी होती ही," आई म्हणायची. आमचं घर गॅरेजच्या वरच आहे. आई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते आणि खालचं सगळं ऐकते.

"आणि मी?" मी विचारलं होतं.

"तू कंपाउंडर," आई म्हणाली. जन्मदात्री आई.

एक नियम मात्र माझा होता आणि ही तो मुकाट्यानं पाळायची. जो गाडी उघडेल त्यानंच ती बंद करायची. दोघांचे हात लागले की एखादा नट ढिला राहतो आणि मग तो कुणाचा यावरून भांडण. म्हणून अर्धवट गाडीच्या अॅक्सिलरेटरला लाल चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर दुसऱ्यानं किल्लीलासुद्धा हात लावायचा नाही. गिऱ्हाईक दारात नाचत असलं तरी नाही.

तर, पांढरे बूट.

गॅरेजमध्ये पांढरे बूट घालून येणारा माणूस एक तर मूर्ख असतो नाहीतर स्वतःला कुणीतरी समजत असतो. हा दुसऱ्या जातीचा. पन्नाशीचा, केस नीट विंचरलेले, बोलणं तोलून मापून. गाडी मोठी, रेडिएटरवाली, म्हणजे पाण्यानं इंजिन गार ठेवणारी. म्हणाला, "उकळून बाहेर येतंय. वहिनी आहेत का? मला त्यांचं नाव सांगितलंय एकानं."

हिनं चौकशी केली, गाडी थंड होऊ दिली, झाकण काढलं आणि नखानं त्याच्या आतली रबरी चकती दाबून बघितली. कडक झालेली. मग त्याला समजावत बसली, की हे झाकण नुसतं झाकण नाही, ते आतला दाब धरून ठेवतं. दाब असला की पाणी उशिरा उकळतं, दाब सुटला की लवकर. तुमचं इंजिन जास्त तापत नाहीये, पाणीच लवकर उकळतंय. तो मान तिरकी करून ऐकत होता. ऐकता ऐकता चहा प्याला. मग विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"यांनी," ही म्हणाली आणि माझ्याकडे न बघता माझ्या दिशेनं बोट केलं. लोकांसमोर ती मला अहो-जाहो करते, घरी तू. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. सोसायटीच्या वॉचमनला आपण जाता येता हलवतो ना, तेवढीच.

दोन आठवड्यांत तो परत हजर. ही वर आईला औषध द्यायला गेली होती. "वहिनी..." त्यानं तोंड उघडलं तोच मी म्हणालो, "मी आहे ना. काय होतंय?"

"मोकळ्या रस्त्यावर ठीक आहे. गर्दीत, सिग्नलला उभी राहिली की तापते."

माझ्या मनात आलं, आज दाखवतोच. चिंधी बांधली आणि लागलो कामाला. गाडी चालू ठेवली, तापमानाचा काटा चढला, पंखा लागला. गरगर फिरत होता. म्हणजे पंखा ठीक. तापलं की उघडून पाण्याला वाट देणारा थर्मोस्टॅट काढला, पातेल्यात पाणी घेऊन उकळवून बघितला. वेळेवर उघडत होता. रेडिएटरच्या जाळीतला कचरा काढला. कूलंट बदललं. परत चालू केली, काटा परत वर. दुपार झाली. पांढरे बूट स्टुलावर बसून शांतपणे बघत होते. मला घाम फुटला होता आणि तोंडातून ज्या शिव्या येत होत्या त्या मी गाडीला देत होतो की त्याला, माझं मलाच सांगता आलं नसतं.

केव्हातरी ही येऊन मागे उभी राहिली. हात लावायचा नाही हे तिला माहीत. "एक कागद धरू का फक्त?" म्हणाली.

"धर काय धरायचाय तो."

तिनं वर्तमानपत्राचं अर्धं पान घेतलं आणि पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढं धरलं. पंखा मागून हवा ओढतो, तेव्हा कागद जाळीला चिकटून बसायला हवा. तो उडाला आणि सरळ माझ्या तोंडावर येऊन आदळला.

"उलटा फिरतोय," ती म्हणाली. "वायरी अदलाबदल झाल्यात. मोकळ्या रस्त्यावर वारा पुरतो. गर्दीत सगळी भिस्त पंख्यावर, आणि हा हवा बाहेर ढकलतोय."

पांढऱ्या बुटांनी चक्क टाळी वाजवली. त्याचं लक्ष पंख्याकडे नव्हतं. तो हिच्याकडे बघत होता.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. "वायरी आपोआप उलट्या होत नाहीत," मी म्हणालो. "तो मुद्दाम करून आणतोय."

"असेल," ती म्हणाली.

"असेल म्हणजे?"

"म्हणजे आणत असेल. मलाही तसंच वाटलं."

"आणि तुला काहीच वाटत नाही?"

"आमटी घे," ती म्हणाली.

आई पदर तोंडाला लावून हसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला स्पष्ट दिसायला लागलं होतं, की या माणसाचा डोळा माझ्या बायकोवर आहे. मी आरशात बघितलं. पोट सुटलेलं, केस मागं हटलेले, पायात टायरच्या चपला. मी तिच्याकडेही बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, की ही छान दिसते आणि हे मला बाहेरच्या माणसामुळं कळावं याहून वाईट काय.

तिसऱ्यांदा तो गाडी न घेता आला. मी मागच्या खोलीत होतो, जुन्या टायरांच्या ढिगामागं. त्यांना वाटलं मी बाहेर गेलोय. मी श्वास रोखून उभा राहिलो. आज रंगेहाथ पकडतो म्हटलं.

"स्पष्टच बोलतो," तो म्हणाला. "वायरी मी उलट्या केल्या होत्या. मी शेजारच्या जिल्ह्यातल्या ट्रेनिंग वर्कशॉपचा प्रमुख आहे. मोटारसायकल दुरुस्ती शिकवतो आम्ही. तोच बिघाड मी माझ्या शिक्षकांपुढं ठेवला होता, सगळ्यांनी पंखा फिरतोय बघून पुढचं पान उलटलं. मला असं माणूस हवंय, जे बिघाड शोधायला शिकवेल. तुम्ही याल का? आठवडाभर तिथं राहावं लागेल, खोली आम्ही देऊ. सुट्टीला घरी."

ही म्हणाली, "विचार करून सांगते, सर."

मी टायरांमागं तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, तो तिच्या मागं लागलाय असं निघालं असतं तर मला सोपं गेलं असतं. कॉलर धरली असती, चार शब्द सुनावले असते, हाकलून दिला असता. पण त्याला ती नको होती. त्याला तिचं काम हवं होतं, आणि काम तर मीही करतो, तिच्या आधीपासून करतो. त्या दिवशी त्या परीक्षेला मीही बसलो होतो, न सांगता बसवला होता मला, आणि पंखा फिरतोय, ठीक आहे, असं म्हणून मीही पुढचं पान उलटलं होतं. त्याच्या लेखी मी नापास झालेल्यांपैकी एक. मला माझ्या बायकोचा हेवा वाटला. नवऱ्याला बायकोबद्दल वाटतो तसा संशय नाही, सरळ सरळ हेवा.

तिनं काही लपवलं नाही. संध्याकाळी जेवतानाच सगळं सांगितलं.

"मग जा की," मी म्हणालो. "कुणी धरलंय?"

"तुला काय वाटतं ते विचारतेय."

"मला काय वाटायचंय? मी कंपाउंडर."

"जाऊ दे तिला," आई म्हणाली. "तुझ्या जेवणाचं मी बघीन. मी काही मेले नाही अजून."

"जेवणाचं कोण बोलतंय!" मी ओरडलो आणि ताटावरून उठलो. पुढचे काही दिवस घरात आणि गॅरेजमध्ये आमचं बोलणं फक्त पाना, चिमटा आणि ग्रीसच्या डब्यापुरतं राहिलं. ती राहिली तर माझ्या नाकावर टिच्चून राहिल्यासारखी, गेली तर मला मागं टाकून गेल्यासारखी. मला दोन्ही नको होतं. पण निवडच करायची तर तिनं राहावं असं मला वाटत होतं, आणि ते तोंडातून काढायला मी तयार नव्हतो.

मग त्यानं गाडी पाइप बदलायला टाकली. या वेळी खरंच काम होतं, पाइप जुने होऊन फुगले होते. गाडी न्यायला येईन तेव्हा तुमचं उत्तर ऐकतो, असं हिला सांगून गेला.

हिनं पाइप बदलले. नवं कूलंट भरलं. पुढचं चाक फळीवर चढवलं, म्हणजे झाकणाची जागा सगळ्यांत उंच होते आणि आत अडकलेली हवा त्या बाजूनं वर येते. झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली, पाइप दाबत बसली. बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, तिनं परत भरलं. असं दोनतीनदा करावं लागतं, मधे गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी लागते. पहिली फेरी झाली तेव्हा आईची डोळे तपासायची वेळ झाली होती. हिनं चिंधी बांधली, झाकणाच्या जागी फडकं टाकलं आणि आईला घेऊन गेली. "येऊन दुसरी फेरी करते," म्हणाली. इतक्या दिवसांत पाना आणि चिमट्यापलीकडचं हे पहिलं वाक्य.

पांढरे बूट ठरल्यापेक्षा लवकर आले.

"गाडी झाली का? मला पुढं टेकडीपलीकडं जायचंय. वहिनी..."

"बाहेर गेल्यात," मी म्हणालो. आणि माझ्या डोक्यात एकच विचार आला, की हा आत्ता गेला तर त्यांची भेट होणार नाही. उत्तर आज तरी नाही. आज नाही तर उद्या तिचं मन बदलेल, नाहीतर याचं. "गाडी तयार आहे," मी म्हणालो.

मी चिंधी सोडली आणि खिशात कोंबली. फडकं काढलं. पाणी काठोकाठ होतं. बघ, भरलंय की, मी स्वतःला म्हणालो. सवयीनं हात खालच्या पाइपावर गेला, मी तो दाबला, आणि एक मोठा बुडबुडा वर येऊन गुडूप असा फुटला. तो मी ऐकला. आत अजून हवा आहे हे मला त्या क्षणी जितकं ठाऊक होतं तितकं या जगात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. मी झाकण घट्ट बसवलं. आणि झाकण बसवताना मनात कुठंतरी खाली, अगदी तळाशी, असंही होतं, की होऊ दे काय व्हायचं ते. काम तर तिचंच म्हणून ओळखलं जाईल.

"उत्तराचं काय?" गाडीवर बसत त्यानं विचारलं.

"कळवेल ती," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी हात धुतले, चहा मागवला आणि तो न पिता ओतून टाकला. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर होत होती. इंजिन जळलं तर? चढावर उकळतं पाणी त्याच्या पायावर उडालं तर? मी काही राक्षस नाही. मला फक्त तो जायला हवा होता.

ही आली, तिनं रिकामी जागा बघितली. फळी तिथंच पडलेली. "गाडी?"

"घेऊन गेला. घाई होती त्याला."

तिनं फळी उचलून भिंतीला लावली. आई लगेच मिळालेल्या नव्या चष्म्याचं सांगत जिना चढली. एवढ्यात दारात टेम्पो थांबला. मागं गाडी बांधलेली, पुढं ड्रायव्हरशेजारी पांढरे बूट. बूट आता तेवढे पांढरे नव्हते. माणूस मात्र धडधाकट होता, तेवढ्यानं माझा जीव भांड्यात पडला.

"चढावर गोडसर वास आला," तो हिला म्हणाला. कूलंट उकळलं की तसा वास येतो. "काटा बघितला तर काटा खाली. पंखाही बंद. मला वाटलं दुसऱ्या कुणाची गाडी असेल. मग एकदम काटा वर उडाला आणि वाफ. मी लगेच बंद केली."

हिनं गाडी उतरवून घेतली. इंजिनाजवळ हात नेला, अजून धग येत होती. मग रेडिएटरवर तळवा टेकवला. तो गार. तिनं त्याचाही हात धरून रेडिएटरवर ठेवला, बघा म्हणाली, पाणी इथवर फिरलंच नाही. सगळं गार होईपर्यंत थांबली, मग फडकं धरून झाकण हळूहळू सोडलं. पाणी पार खाली गेलेलं.

"हवा अडकली होती आत," ती म्हणाली. "तापमान मोजणाऱ्या सेन्सरपाशी पाणीच नव्हतं, नुसती हवा. काटा गरम दाखवणार कसा आणि पंखा लागणार कसा? तुम्ही वासावर थांबलात म्हणून इंजिन वाचलंय."

"म्हणजे हवा काढायची राहिली."

"हो."

तो सावकाश म्हणाला, "तुमच्याकडे जो उघडेल तोच बंद करतो ना? तुम्हीच सांगितलं होतं मला. फार आवडलं होतं."

हिनं अॅक्सिलरेटरकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या खिशातून चिंधीचं टोक बाहेर लोंबत होतं. मला ते तिच्या नजरेवरून कळलं.

"माझीच चूक, सर," ती म्हणाली. "घाई झाली माझी."

त्या माणसाचा चेहरा उतरला. "बाई, ही चूक माझ्याकडच्या नव्या पोरांनी केली तरी मी त्यांना गाडीजवळ येऊ देत नाही. मला वाटलं होतं..." पुढं काय वाटलं होतं ते त्यानं गिळलं. रुमाल काढून बूट पुसायला वाकला. ते वाकणं म्हणजे नकार होता, मला दिसत होतं. झालं. मला हवं होतं ते सगळं एका फटक्यात झालं होतं. ती राहणार होती, तो जाणार होता, आणि यापुढं तापणाऱ्या गाडीबद्दल ती माझ्यापुढं मान वर करून बोलू शकणार नव्हती. मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

आणि मला परत तोच हेवा वाटला. ही शांत उभी होती. तिनं माझी घाण स्वतःच्या अंगावर घेतली होती आणि तिच्या कपाळावर एक आठी नव्हती. म्हणजे काम हिचं चांगलं, आणि मनही हिचंच मोठं. सगळंच हिचं. आता जन्मभर हे मला आठवणार, ही कधी बोलून दाखवणार नाही, आणि न बोलून दाखवण्यातही हीच मोठी ठरणार. मला ते सहन झालं नाही.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणालो. "मी बंद केली."

"अहो," ही म्हणाली.

"चिंधी बांधून गेली होती ती. दुसरी फेरी बाकी होती. मी सोडली." मी खिशातली चिंधी काढून गाडीच्या सीटवर आपटली. "आणि चुकून नाही. बुडबुडा ऐकला मी, तरी झाकण लावलं. जळतो मी हिच्यावर. सगळे येतात ते वहिनी आहेत का विचारत येतात. पंखा उलटा आहे हे मला अर्ध्या दिवसात नाही कळलं, हिला एका कागदात कळलं. हिच्याकडून अशी चूक होत नाही. व्हायची असती तर मी इतकी वर्षं वाट बघतोय, झाली असती!"

"गप्प बस ना तू!" ही ओरडली. लोकांसमोर तू म्हणाली. आणि तिच्या आवाजात उपकार, कौतुक असलं काही नव्हतं. ती खरोखर चिडली होती.

पांढऱ्या बुटांनी एकदा माझ्याकडे, एकदा हिच्याकडे बघितलं. मग रुमालाची घडी घातली. "तुमचा राग मला समजतो," तो मला म्हणाला. "पण माझं इंजिन का त्यात?" मी मान खाली घातली. मग तो हिला म्हणाला, "बाई, पुढच्या महिन्यात नवीन वर्ग सुरू होतोय. मी तुमची खोली तयार ठेवतो." गाडी हिच्याच हवाली करून तो टेम्पोतून निघून गेला. मला नमस्कारसुद्धा केला नाही, आणि का करावा?

आम्ही शटर अर्धं ओढलं. ती बेसिनवर हात धूत राहिली, धुऊन झाले तरी धूत राहिली.

"का बोललास?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"खरं सांगू?"

"आज सगळंच सांगितलंयस, हेही सांग."

"तू मोठी ठरत होतीस. ते बघवलं नाही मला."

तिनं नळ बंद केला. "मी तुझ्यासाठी नव्हते बोलले."

"मग?"

"मला जायचंच नव्हतं." ती वळली. डोळे लाल झाले होते. "एवढ्या पोरांपुढं उभं राहून बोलायचं, माझे पाय लटपटतात नुसत्या विचारानं. गाडीपुढं बसायला सांग, दिवसभर बसते. त्यांना नाही कसं म्हणायचं ते सुचत नव्हतं. तुझ्याकडे आले होते ना विचारायला? एकदा म्हणाला असतास, नको जाऊ, तर तेवढं पुरलं असतं मला. म्हणाला नाहीस. मग आज तुझी चूक आयती समोर आली. म्हटलं बरं झालं, आता तेच नको म्हणतील."

मी स्टुलावर बसलो. "अजून नाही म्हण ना मग. कळव त्यांना."

"आता कसं म्हणू?" ती म्हणाली. "तू त्यांच्यासमोर काय बोललास ते ऐकलं का तुझं तू? इतक्या वर्षांत मला एकदा तरी म्हणालास का असं? आज ओरडून सांगितलंस की हिच्याकडून चूक होत नाही. ते ऐकल्यावर घरी बसू मी?"

"मी रागानं बोललो."

"म्हणूनच खरं वाटलं," ती म्हणाली आणि हात पुसत वर गेली.

मी खाली बसून राहिलो. एका मिनिटापुरतं गप्प बसलो असतो तर ती माझी होती, इथं, याच बेसिनवर. उभ्या जन्मात मला गप्प बसता आलं नाही आणि याच वेळी यायला हवं होतं.

थोड्या वेळानं वरून तिचा आवाज यायला लागला. मी जिन्यापाशी गेलो. तिनं आईला खुर्चीत बसवलं होतं आणि स्वतः समोर उभी राहिली होती. "मुलांनो," ती म्हणाली आणि थांबली. आवाज कापत होता. "मुलांनो, गाडी तापते म्हणजे... आधी काहीही उघडायचं नाही. आधी विचारायचं."

"काय विचारायचं, बाई?" आईनं नव्या चष्म्यातून बघत, हात वर करून विचारलं.

"कधी तापते ते. उभी असताना की चालताना. उभी असताना तापत असेल तर पंखा बघायचा. नुसता फिरतोय का एवढंच नाही, कुठल्या बाजूला फिरतोय तेही."

आवाज हळूहळू स्थिर होत गेला. आई प्रश्न विचारत होती, काही बावळट, काही चक्क चांगले, आणि ही प्रत्येकाला उत्तर देत होती, घाई न करता. तिला हे सगळं मी शिकवलं होतं, आणि यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मी अंधाऱ्या जिन्यात, खालून तिसऱ्या पायरीवर, कठड्याला धरून ऐकत उभा होतो. वर जाऊन बसायला मला तोंड नव्हतं. आई तिथं तिच्या समोर बसली होती, तिची पहिली विद्यार्थिनी, आणि मला आईचा हेवा वाटत होता.